हॉटेलपर्यंत बोट म्हणजे नक्की कुठपर्यंत?

या वेळच्या टपालात व्हेनिसच व्हेनिस आहे. त्यातही निम्म्या पत्रांचा विषय एकच, विमानतळावरून हॉटेलला बोटीनं जायचं कसं. म्हणून हे पान सगळं त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मे महिन्यात व्हेनिसला चाललोय. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर छान चालतात पण पायऱ्या म्हटलं की धास्तावतात. पाच मोठ्या बॅगा आणि वर सटरफटर सामान. विमान आखातातून बदलून दुपारी पावणेदोनला पोचतं. हॉटेलवाले म्हणतात आम्ही खासगी बोट पाठवतो, 190 युरो. एका साइटवर तेच माणशी 34 युरोला दिसतंय, तिथेही 'हॉटेलपर्यंत' असंच लिहिलंय. हॉटेलचा पत्ता कानारेजो आणि पुढे चार आकडी नंबर, बास, रस्त्याचं नावच नाही! काय करू?

उत्तर : आधी गुणाकार करून टाका. 34 गुणिले पाच म्हणजे 170. म्हणजे फरक फक्त वीस युरोचा, आणि त्या वीस युरोंसाठी तुम्ही काय सोडताय ते बघा. माणशी दर लिहिलेला असतो ती शेअर बोट असते. ती भरेपर्यंत किंवा ठरलेली वेळ होईपर्यंत धक्क्यावर थांबते, आणि मग सगळ्यांना एकेक करून सोडत जाते. मी स्वतः एकदा यात फसलेय. कुठल्याशा साइटवर वर मोठ्या अक्षरात 'प्रायव्हेट' होतं, खाली बारीक अक्षरात 'इतर प्रवाशांसोबत'. मी वरचं वाचलं आणि पैसे भरून मोकळी झाले. धक्क्यावर पाऊण तास बसलो, मग एक आठजणांचा ग्रुप आला, त्यांना आधी सोडलं आणि आम्हाला जिथे उतरवलं तिथून हॉटेल दोन पूल पलीकडे होतं. कागदावर चार मिनिटांचं अंतर. पण व्हेनिसचा पूल म्हणजे पायऱ्या चढा आणि पायऱ्या उतरा, आणि माझी बॅग तेवीस किलोची! दुसऱ्या पुलाच्या मध्यावर तिचं एक चाक निखळलं आणि टणटण उड्या मारत खाली गेलं, ते आवाज अजून कानात आहेत.

म्हणून तुमच्या बाबतीत 170 की 190 हा प्रश्नच नाहीये. प्रश्न हा की बोट थांबते तिथून हॉटेलच्या दारापर्यंत किती पूल आहेत. शहर शंभराहून जास्त बेटांवर बसलंय, पूल चारशेच्या वर, आणि गाडीरस्ता पियाझाले रोमा नावाच्या चौकात येऊन संपतो. तिथून पुढे एक तर पाणी नाहीतर पाय.

पत्त्याचं म्हणाल तर तुमचा पत्ता बरोबर आहे, तिथे तसाच असतो. शहराचे सहा भाग, त्यांना सेस्तिएरे म्हणतात, आणि घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नाही तर अख्ख्या सेस्तिएरेचे सलग. त्यामुळे 'कानारेजो अमुक' एवढ्यावरून बोटवाल्यालासुद्धा कुठे लावायची ते कळेलच असं नाही. तुम्ही हॉटेलला मेल टाका आणि सरळ विचारा, तुमच्याकडे पोर्ता दाक्वा आहे का. म्हणजे पाण्याकडचं दार. जुन्या वाड्यांना ते असतंच, कारण पूर्वी मुख्य दार तेच, गल्लीकडचं ते मागलं. पण सगळ्या हॉटेलांनी ते वापरात ठेवलेलं नाही, काही ठिकाणी बंद करून आत गोदाम केलंय. दार चालू असेल तर उत्तम. नसेल तर विचारा की बोट नेमकी कुठे लागेल, तिथून तुमच्यापर्यंत पूल किती, आणि आत लिफ्ट आहे का. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मग गुडघेवाल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळते.

अजून एक, पाण्याकडचं दार असलं तरी उतरणं कायम सारखं नसतं. भरतीला बोटीची कड आणि उंबरठा जवळजवळ एका पातळीत येतात, एक पाऊल टाकलं की झालं. ओहोटीला मात्र खालच्या दोनतीन पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ असतं, साबणासारखं. त्यावर पाय ठेवायचा नाही, मुलांनाही बजावून ठेवा. बोटवाले यात तरबेज असतात, ते एक पाय बोटीत एक पाय काठावर रोवून उभे राहतात आणि हाताचा पंजा देत नाहीत तर कोपरापासून पुढचा हात पुढे करतात, तोच धरायचा. सासूबाईंना एवढंच सांगून ठेवा, बोट हलायची थांबेपर्यंत उठायचं नाही. केबिन बुटकी असते, आत वाकून दोन पायऱ्या उतरून बसावं लागतं. त्यांना ते जमणार नसेल तर बुकिंग करतानाच तसं सांगा. व्हीलचेअरसाठी लिफ्ट लावलेल्या बोटीही मिळतात पण मोजक्याच, ऐनवेळी मिळणार नाहीत.

आता दर. विमानतळ ते शहर अशी आख्खी टॅक्सीबोट साधारण 120 ते 150 युरोच्या आसपास पडते, हॉटेलमार्फत केली की वर थोडं चढतं, म्हणजे 190 महाग आहे पण लूट नाही. फक्त लेखी विचारून घ्या की हा दर पूर्ण बोटीचा ना, पाच बॅगा धरून ना, आणि विमान उशिरा आलं तर वेटिंग किती. रात्रीचा जादा आकार असतो, दहानंतर लागतो साधारण, तुम्हाला दुपारी तो प्रश्न नाही पण विमान लांबलं तर येऊ शकतो. एका बोटीत जास्तीत जास्त दहा माणसं बसतात तेव्हा पाचजण आणि पाच बॅगा आरामात.

वेळ देताना एक चूक करू नका. तुम्ही आखातातून थेट व्हेनिसला उतरताय म्हणजे तुमचं इमिग्रेशन व्हेनिसलाच होणार. फ्रँकफर्ट नाहीतर रोम करून येणाऱ्यांचं ते आधीच झालेलं असतं, बॅगा घेतल्या की ते बाहेर. तुम्हाला रांग आहे, आणि ऑक्टोबर 2025 पासून युरोपात बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झालीय त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला जास्तच वेळ लागतो. म्हणून पावणेदोनचं विमान तर बोट दोनला असं सांगू नका. फ्लाइट नंबर द्या आणि म्हणा, उतरल्यापासून दीड तासाने.

मार्को पोलो विमानतळाचा धक्का टर्मिनलला चिकटून नाहीये, छपराखालून सातआठ मिनिटं चालायचं, मध्ये सरकते पट्टे आहेत. सपाट आहे, पण सासूबाईंसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलीत तर बरं. माणूस नावाची पाटी घेऊन आत उभा राहणार की धक्क्यावर, हे विचारा नाहीतर तुम्ही आत त्याला शोधताय आणि तो बाहेर तुम्हाला. आणि बाहेर पडतापडता कुणी 'टॅक्सी टॅक्सी' करत बॅगेला हात घातला तर मान हलवून पुढे जा. लायसन्सच्या टॅक्सीबोटीवर पिवळा पट्टा आणि नंबर असतो तो बघायचा.

बाकी बोट सुटली की मजाच आहे हो. लाकडी खांबांच्या जुड्या पाण्यातून वर आलेल्या दिसतील, त्यांना ब्रिकोले म्हणतात, खाडीचं पाणी बहुतेक ठिकाणी उथळ असल्यानं बोटींनी त्या खांबांनी आखलेल्या वाटेनंच जायचं असतं. मुरानो बेटाच्या बाजूनं, मग विटांच्या भिंतीआडून सुरूची झाडं डोकावतात ते सान मिकेले, शहराची दफनभूमी. आतल्या कालव्यात शिरल्यावर बोट एकदम मुंगीच्या पावलानं जाते, मुलं म्हणतील काका जोरात चालवा ना, पण तिथे वेगमर्यादा आहे. मोटरबोटींच्या लाटांनी घरांचे पाये झिजतात. 1975 साली याच लाटांच्या विरोधात लोकांनी वल्ही घेऊन व्होगालोंगा नावाची बोटफेरी काढली, ती आता दरवर्षी निघते, मे-जूनच्या एका रविवारी. त्या सकाळी मोटरबोटींना बऱ्याच ठिकाणी बंदी असते, म्हणून तुमचा दिवस रविवार असेल तर तारीख तेवढी तपासा.

आणि हो, काही ठरावीक दिवशी शहरात येण्याची फी असते. हॉटेलात राहणाऱ्यांना ती माफ आहे पण माफीचा कोड ऑनलाइन काढावा लागतो, हॉटेलवाले सांगतील कसा.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी, पाठीवर एकेक सॅक, बजेट बेताचं. बोटीनंच जायचं मनात आहे पण दीडशे युरो नाही परवडणार. शेअर टॅक्सी घ्यावी का?

उत्तर : अजिबात नको. पाठीवर सॅक असेल तर पूल म्हणजे फोटो काढायची जागा, अडचण कसली! अलिलागुना नावाच्या कंपनीची प्रवासी बोट घ्या, ती विमानतळाच्या त्याच धक्क्यावरून सुटते, शेअर टॅक्सीच्या साधारण निम्म्या पैशात. ऑरेंज लाइन कानारेजोवरून ग्रँड कॅनॉलमधून रियाल्टोकडे जाते, ब्लू लाइन मुरानो, फोंदामेन्ते नोवे, लिदो करत सान मार्कोला. सान मार्कोपर्यंत तासापेक्षा जास्त लागतो हे धरून चला, खिडक्या खाली असतात आणि गर्दीच्या दिवसात बाहेर उभं राहायला मिळेलच असं नाही. एक लक्षात ठेवा, व्हापोरेत्तोचा, म्हणजे शहरातल्या बससारख्या सार्वजनिक बोटींचा, साधा पास त्यावर चालत नाही, तिकीट वेगळं काढायचं.

त्याहूनही स्वस्त म्हणजे पियाझाले रोमाची बस, वीसेक मिनिटं. आणि मग तिथून पहिल्या नंबरचं व्हापोरेत्तो पकडा, ते ग्रँड कॅनॉलभर थांबत थांबत जातं. बोटीची हौसही फिटते. मी एकटी असले की हेच करते.

प्रश्न : नोव्हेंबरचं बुकिंग केलंय आणि आता सगळे घाबरवतायत की शहर बुडतं, बोटी बंद होतात. कॅन्सल करू का?

उत्तर : कॅन्सल कशाला. आक्वा आल्ता म्हणजे मोठी भरती, ती काही तासांची असते, चढते तशी उतरते. 12 नोव्हेंबर 2019 ला पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत गेलं होतं (हे माप समुद्राच्या ठरावीक पातळीपासूनचं, रस्त्यावरच्या पाण्याचं नव्हे), 1966 च्या 194 नंतरचं सगळ्यात जास्त, ते फोटो लोकांच्या डोक्यात बसलेत. पण ऑक्टोबर 2020 पासून मोझेचे, म्हणजे मोठी भरती अडवणारे, दरवाजे चालू झालेत. खाडीची समुद्राकडची तिन्ही तोंडं आहेत ना, तिथे तळाशी पडून असतात आणि साधारण 110 सेंटिमीटरच्या वरचा अंदाज असला की हवा भरून उभे करतात. त्याच्या खालची भरती तशीच आत येते म्हणून सान मार्को चौकात थोडं पाणी अजूनही दिसेल, तिथे फळ्या टाकतात चालायला.

बोटीचा घोळ वेगळाच आहे आणि तो कुणी सांगत नाही. पाणी चढलं की पुलाच्या कमानीखालची जागा कमी होते, टॅक्सीचं छप्पर अडकतं. मग बोटवाला लांबून वळसा घालतो किंवा तुम्हाला दुसऱ्याच धक्क्यावर उतरवतो. ही त्याची चलाखी नसते. उलट ओहोटी फार असेल तर लहान कालव्यात बोट तळाला लागेल म्हणून तो आत शिरत नाही. त्यामुळे नोव्हेंबरात हॉटेल निवडताना मुख्य कालव्यावरचं किंवा व्हापोरेत्तोच्या थांब्याजवळचं घ्या, अगदी आतल्या चिंचोळ्या कालव्यावरचं नको. महापालिकेचं भरतीचा अंदाज देणारं केंद्र आहे, ते पुढच्या तीनेक दिवसांचा अंदाज सांगतं, निघायच्या आदल्या दिवशी बघा. मला विचाराल तर मी पाण्यापेक्षा धुक्याला जास्त घाबरते. धुकं दाट असलं की सगळंच हळू होतं, परतीच्या दिवशी तास जादा ठेवा.

प्रश्न : परतीचं विमान सकाळी सातचं आहे, युरोपातल्या युरोपात. बोट किती वाजता बोलवू?

उत्तर : चार वाजता. उलटं मोजा, पाचला टर्मिनलवर, त्याआधी धक्क्यावरून दहा मिनिटं चालणं, बोटीला अर्धा तास, आणि सामान चढवणं. रात्रीचा आकार लागणार. पैसे आदल्या संध्याकाळी रिसेप्शनला देऊन टाका. आणि पाण्याकडचं दार रात्री कुलपात असतं, पहाटे उघडायला कोण येणार हे नावानिशी विचारून ठेवा. आमच्या एका सहलीत बोट बाहेर पाण्यावर डुलत उभी होती, आम्ही आतून काचेतून तिला बघत होतो आणि किल्ली असलेला माणूस झोपला होता.

प्रश्न : आमचं स्वस्तातलं तिकीट 'व्हेनिस त्रेव्हिझो' असं आहे. तिथून हॉटेलला खासगी बोट किती पडेल?

उत्तर : नाही पडणार, कारण तिथे खाडीच नाही! त्रेव्हिझो आत जमिनीवर, व्हेनिसपासून तीसेक किलोमीटर. बसनं पियाझाले रोमाला या. बोट हवीच असेल तर तिथून पुढे टॅक्सीबोट मिळते, आणि बुकिंगमध्ये 'कुठून' या रकान्यात विमानतळ न लिहिता पियाझाले रोमा लिहा, नाहीतर तुमचा बोटवाला मार्को पोलोच्या धक्क्यावर तुमच्या नावाची पाटी धरून उभा राहील.