वाचक विचारतात : हरलेला नायक

प्रश्न : कादंबरीतला आदर्श नेता निवडणूक हरतो, तरी लोकशाहीवरचा त्याचा विश्वास तसूभरही ढळत नाही. मला हे पचत नाही. असं कुणी वागतं का?

उत्तर : वागतात की! महायुद्धात देशाचं नेतृत्व केलेल्या चर्चिलना ब्रिटिश मतदारांनी १९४५ मध्ये घरी बसवलं. २६ जुलैला निकाल लागला, त्याच संध्याकाळी ते राजाकडे राजीनामा देऊन मोकळे. मग विरोधी बाकांवर बसले आणि १९५१ मध्ये निवडणूक जिंकून पुन्हा पंतप्रधान झाले.

माझी तक्रार वेगळीच आहे. लेखक अशा नायकाच्या तोंडी भाषणं फार घालतात (तीही पान-पानभर!). त्यापेक्षा त्याला मतमोजणीच्या टेबलाशी उभं करा. आपल्या गठ्ठ्यात चुकून आलेली विरोधकाची मतपत्रिका तो बोट दाखवून सांगतो का, एवढंच लिहा.