थंड पिस्टन गोल नसतो

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या मित्रमंडळींत दोन तट पडलेत. एकांना कार्ब्युरेटर आणि हाताने टाकायचे गिअर यांपलीकडे गाडी दिसत नाही, दुसऱ्यांना बॅटरी आणि स्क्रीनपलीकडे. तू दोघांचंही ऐकतेस आणि दोघांवरही चिडतेस. अगदी शेवटी, जागा संपत आली तेव्हा लिहिलंस, "काका, आता इंजिन शिकण्यात अर्थ आहे का?" सगळं पत्र त्या एका ओळीसाठीच लिहिलंयस, हे मला कळलं.

सोबत एक जुना पिस्टन, म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यात वरखाली होणारा धातूचा दट्ट्या, पाठवतो आहे. उत्तर तिथूनच सुरू करतो.

हातात घे. कसा दिसतो? गोल. मीही तेच म्हणालो होतो. माझ्या उस्तादांनी काही न बोलता मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक माप घेणारं उपकरण, पुढे केला. खालच्या घेरावर, गजन पिनच्या (पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या आडव्या पिनेच्या) रेषेत एक माप घेतलं, मग पिनला काटकोनात दुसरं. दुसरं जास्त भरलं. मी म्हणालो, पिस्टन गेला, झिजून वाकडा झालाय. त्यांनी खोक्यातून कोरा पिस्टन काढला. त्याचंही तेच. मग वरच्या कडेला मोजायला लावलं, तर तिथे तो आणखी बारीक निघाला. त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही.

कारण साधं आहे, पण ते सुचायला केवढी नजर लागली असेल! पिन बसते त्या बाजूंना धातू जास्त असतो, म्हणून तापल्यावर तो भाग जास्त फुगतो. डोकं थेट आगीखाली असतं, ते खालच्या घेरापेक्षा जास्त तापतं. म्हणून पिस्टन मुद्दाम किंचित लंबगोल आणि वर निमुळता करतात. इंजिन तापलं, की तो हवा त्या आकारात येतो. मिनिटाला ६००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १००. तेवढ्यात तो २०० वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. पिस्टन आणि नळकांड्याची भिंत यांमधल्या ज्या फटीत हे सगळं चालतं, ती केसापेक्षाही बारीक. करणाऱ्याने वस्तू थंडपणी 'चुकीची' घडवली, कारण ती कुठे आणि कशी जगणार आहे हे त्याला ठाऊक होतं.

बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या नळकांड्याच्या, आत बोट फिरवशील तेव्हा तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा लागतील. त्या ओरखडे नव्हेत. होनिंग करताना, म्हणजे बोअर दगडाने शेवटचा घासताना, त्या मुद्दाम ठेवतात, म्हणजे त्यांत ऑइल धरून राहतं. आरशासारखा गुळगुळीत बोअर ऑइल धरत नाही, आणि पिस्टनभोवतीच्या रिंगाही त्यात नीट बसत नाहीत.

मला तुला सांगायचं आहे ते एवढंच : कुठल्याही गाडीपुढे उभी राहिलीस, की आधी विचार कर, हिच्या करणाऱ्यापुढे अडचण काय होती? वेग, ताकद, रंग सगळं मागाहून. हा प्रश्न धरलास की तुझ्या मित्रांचे दोन्ही तट तुला एकाच घरातले वाटतील.

मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बर्था, तिचीच गोष्ट घे. १८८८च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती त्याची तीनचाकी मोटार काढून जर्मनीत मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली, शंभरेक किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली, म्हणून परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा असं सुचवलं. लोक ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतात, आणि धाडस ते होतंच. मला मात्र त्यात जगातली पहिली कसून घेतलेली रस्त्यावरची चाचणी दिसते. कुठे काय कमी पडलं हे तिने जातीने पाहिलं आणि करणाऱ्याला येऊन सांगितलं. शौकिनाचं काम याहून वेगळं काय असतं?

कारागिरी म्हटलं की तुला कानशीने घासून घासून बसवलेला एकमेव भाग आठवत असेल. एकेकाळी गाड्या तशाच जुळवत. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण खोलल्या, सगळे भाग एकत्र मिसळले आणि त्या ढिगाऱ्यातून पुन्हा तीन गाड्या बांधल्या. कुठलाही भाग घासून बसवायचा नाही, अशी अट होती. मग तिन्ही गाड्या ५०० मैल पळवल्या, आणि त्या पळाल्या. कुठलाही पिस्टन कुठल्याही बोअरमध्ये बसतो, यामागे शेकडो हातांची शिस्त आहे, आणि ती दिसत नाही म्हणून तिचं कौतुक होत नाही. तू करत जा.

आता सेन्सर आणि संगणकाकडे येते गाडी. इथे मी स्वतः बरीच वर्षं चुकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गाडी आली होती. थंड असताना आयडलला, म्हणजे जागच्या जागी चालू ठेवली की, थरथरायची. गाडीच्या संगणकातल्या तक्रारी वाचणारा स्कॅनर लावला, त्यावर आलेल्या कोडने सांगितलं की हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. मी धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलला. तक्रार तशीच. मनात म्हटलं, ही इलेक्ट्रॉनिक्सची थेरं. तिसऱ्या दिवशी बॉनेट उघडून नुसता ऐकत उभा राहिलो, तेव्हा बारीक शीळ आली. हवा आत घेणाऱ्या इनटेकजवळची रबरी नळी आतल्या अंगाने चिरली होती, तिथून मोजणीत न आलेली हवा शिरत होती. सेन्सर पहिल्यापासून खरं सांगत होता. 'पेट्रोल कमी' हे त्याचं म्हणणं होतं. 'सेन्सर खराब' हे माझं होतं. गाडीच्या मालकाचा नवा सेन्सर मी फुकट घालवला, तो भरून दिला, आणि त्या दिवसापासून कोड वाचायची माझी पद्धत बदलली : कोड हा साक्षीदार आहे, निकाल आपल्याला द्यायचा असतो.

इंजिनात नॉक झाला, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून ठोका पडला, की जुना मेकॅनिक कानाने ओळखायचा आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, थोडं मागे घ्यायचा. आज ब्लॉकवर एक लहानसा सेन्सर बोल्टने बसवलेला असतो, तो तेच ऐकतो. ठोका पडला, की संगणक लगेच ठिणगी मागे घेतो, धोका टळला की हळूहळू पुन्हा पुढे आणतो. संगणकाची ही आज्ञावली ज्याने लिहिली त्याने ठोका कुठला आणि व्हॉल्व्हचा साधा आवाज कुठला, हे वेगळं करण्यासाठी किती इंजिनं ऐकली असतील! त्याला मी कारागीरच म्हणतो.

आणि तुझ्या बॅटरीवाल्या मित्रांना एक सांग. १९०८च्या फोर्ड मॉडेल टीच्या गिअरबॉक्समध्ये प्लॅनेटरी गिअर होते : मधे दातेरी चाकं आणि त्यांभोवती फिरणारी लहान चाकं. १९९७मध्ये टोयोटाने प्रियस आणली, तेव्हा इंजिन आणि दोन इलेक्ट्रिक मोटर यांची जोडणी याच जातीच्या रचनेने केली, फक्त बाहेर एक दातेरी कडंही होतं. इंजिन लहान चाकांच्या चौकटीला, एक मोटर मधल्या चाकाला, दुसरी बाहेरच्या कड्याला. जुन्या दातांवर नवं गणित चालवलं. हे ज्याला कळलं त्याला 'जुनं की नवं' हा वाद घालायला फुरसत होणार नाही.

तेव्हा हो, इंजिन शिक, आणि मोटर आणि वायरिंगही शिक. बोल्ट ठरल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच वापर, अंदाजाने आवळू नकोस. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की दिवस जातो. काढलेले भाग काढल्या क्रमाने मांड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय नाहीच. नारिंगी वेष्टणाच्या जाड वायर दिसल्या तर हात मागे, ते उच्च विद्युतदाबाचं काम रीतसर शिकल्यावरच.

राहिली मंडळी. कुणी आपली गाडी दाखवायला आणली, की तिचे आकडे विचारू नकोस. यातलं कुठलं काम सगळ्यात अवघड गेलं, असं विचार. ज्याने एकही बोल्ट स्वतः फिरवला असेल तो अर्धा तास बोलेल. तू ऐक, मग तुझंही सांग. माझ्या आयुष्यातली निम्मी मैत्री अशीच जमली.

पिस्टन कापडाने पूस, पण घासू नकोस. मायक्रोमीटर आधी शून्याला तपास. पिस्टन आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच खोलीत रात्रभर ठेव, म्हणजे तापमानाचा फरक मापात येणार नाही. मग खालच्या घेरावर पिनच्या रेषेत आणि काटकोनात, प्रत्येकी तीनदा मोज. सहाही आकडे लिहून पाठव, जुळले नाहीत तरी खोडू नकोस. माझे आकडे वहीत आहेत, तुझे आले की शेजारी मांडून बघतो.

तुझा,
काका