पाठीवरची ती फुगलेली पिशवी
प्रश्न: एका जुन्या फोटोत एक साहेब पाठीवर मोठी पिशवी घेऊन डोंगरावर उभा दिसला, तोंडात नळी, नाकाला चिमटा. तो ऑक्सिजनचा साठा होता का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नाही हो, बरोबर उलटं! त्या पिशवीतून श्वास घ्यायचा नसतो, तिच्यात सोडायचा असतो, शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजायला. ही डग्लस बॅग, ऑक्सफर्डच्या क्लॉड गॉर्डन डग्लसने १९११ मध्ये आणलेली, रबर चढवलेल्या कापडाची. तोंडातल्या नळीला दोन झडपा, एकीतून बाहेरची हवा नुसती आत येणार, दुसरीतून उच्छ्वास नुसता पिशवीकडे जाणार, मध्ये एक तोटी, ती घड्याळ लावून उघडायची आणि ठरलेली मिनिटं झाली की बंद. चिमटा नसेल तर निम्मा माल नाकातूनच पसार.

त्याआधी १९०४ चा टिसोचा स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाची हवा मोजणारं यंत्र, होता, पाण्यात उपडी ठेवलेली धातूची घंटा, फुंकलं की वर उचलली जायची. मोजमाप झकास, पण ते धूड घेऊन डोंगर कोण चढणार? डग्लस मात्र १९११ मध्येच शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन वगैरे मंडळींबरोबर अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, म्हणजे जवळपास ४३०० मीटरवर, पिशवी घेऊन गेला.

आता गंमत अशी की पिशवी स्वतः काहीच मोजत नाही. नंतर ती दाबून हवा गॅस मीटरमधून सोडायची, तेव्हा लिटर कळणार, आणि त्यातला थोडा नमुना हॉल्डेनच्या काचेच्या नळ्यांमध्ये घ्यायचा. आधी पोटॅशच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, नमुना किती आकसला ते बघायचं, मग पायरोगॅलॉलच्या द्रावणात ऑक्सिजन, पुन्हा बघायचं, उरला तो नायट्रोजन. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, बाहेर आलेल्यात साधारण १६-१७, म्हणजे शरीराने किती वापरला ते निघालं, आणि दर लिटर ऑक्सिजनमागे ५ किलोकॅलरी धरल्या की खर्च झालेली ऊर्जाही. मला तर हे आजच्या मास्कवाल्या मशीनपेक्षा जास्त आवडतं, काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं तरी!

फक्त आळस चालायचा नाही. रबरातून कार्बन डायऑक्साइड हळूहळू झिरपतो, त्यामुळे पिशवी भरून ठेवली आणि उद्या बघू म्हटलं तर आकडे चुकलेच.