लग्नात नाव बदललं, आता आधारवर पण बदलू का?

अगं, पत्र वाचलं तुझं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं तेव्हा तूही हौसेने फोटो काढून घेतलेस, आणि आता दीड वर्षाने सोसायटीचा वॉचमन पार्सल घेऊन त्याच नावाने मागून हाका मारतोय तर तू सरळ लिफ्टमध्ये शिरलीस, कारण तो तुलाच बोलावतोय हे डोक्यातच आलं नाही. त्यात नवऱ्याचं टुमणं, आधार आणि बँकेत पण तेच नाव कर. टाळलंस की म्हणतो, माझ्यावर विश्वास नाही का?

हे विश्वासाचं काय ते मला खटकलं बघ. नाव तुझं, कागद तुझे, यात त्याच्यावरचा विश्वास आला कुठून? पण म्हणून तो वाईट असंही मी म्हणणार नाही, तूच लिहिलंयस की तुझी लेट शिफ्ट असली की तो जागा राहतो, रिक्षाचा नंबर मागतो, सकाळी डबा पण भरतो. प्रेम आहे गं. घरातलंच कोणीतरी टोमणे मारत असणार त्याला.

कागदाचं म्हणशील तर लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाहीये, ना आडनाव ना पहिलं नाव, पासपोर्टसुद्धा माहेरच्या नावाने चालतो. पहिलं नाव बदलायचं ठरवलंस तर गॅझेट करा, म्हणजे सरकारी राजपत्रात ते छापून आणा, मग आधार, पॅन, बँक, पीएफ, आणि एका ठिकाणी नाव जुळलं नाही की पीएफचा क्लेम लटकला, डिग्री तर जुन्याच नावाची. हे त्याला सांग, पण भांडणात नको, रविवारी तो मेथी निवडत बसतो म्हणतेस ना तेव्हा. आणि नुसती कागदांची ढाल पुढे करू नकोस, नाहीतर तो एजंट शोधून आणेल आणि तुझी पंचाईत होईल! स्पष्ट सांग की मला माझं नाव आवडतं, लग्नाआधी तू त्याच नावाने हाक मारायचास, तशीच मार.

सासूबाई नवीन नावाने बोलावतात त्यावर मात्र आत्ताच वाद नको. एकदा त्यांना त्यांचं माहेरचं नाव विचार, त्यांचंही बदललेलं असणार बहुतेक, आणि ते तुझ्या नवऱ्याला तरी माहितीये का बघ. मग काय झालं ते कळव मला.