डोकं 'दुखतं' आणि मनाला 'दुःख' होतं, मग विसर्ग गेला कुठे?

प्रश्न असा आलाय की 'दुःख'मधे विसर्ग आहे तर 'दुखणं', 'डोकेदुखी'मधे का नाही, हे दोन वेगळे शब्द आहेत का. मूळ एकच आहे, पण मराठीत ते दोन वाटांनी आलेत.

'दुःख' संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला, तत्सम. 'दुखणं' मात्र प्राकृतातून आलंय. पाली-प्राकृतात दुःखचं 'दुक्ख' झालं होतं, पुढे त्यातला जोड सुटला, दुग्ध-दुद्ध-दूध झालं तसंच. आणि मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे आपण लिहितो 'दुःख' पण बोलताना बहुतेक जण 'दुक्ख'च म्हणतो, अंतःकरणचं 'अंतक्करण' करतो तसं, म्हणजे उच्चार पुन्हा त्या जुन्या 'दुक्ख'सारखाच होतो.

अशा जोड्या मराठीत भरपूर आहेत. कर्म आणि काम, क्षेत्र आणि शेत, गर्भिणी बाई आणि गाभण म्हैस. मूळ एक, पण दोन्ही रूपं राहिली आणि अर्थ वाटून घेतले. इथेही तेच झालं, पाय-पोट-डोकं 'दुखतं' आणि माणूस गेल्याचं 'दुःख' होतं. पण म्हणून मन म्हणजे विसर्ग आणि शरीर म्हणजे बिनविसर्ग असा नियम करू नका, तो लगेच मोडतो. मन दुखावतं, घरात दुखवटा असतो, दुसऱ्याचं बरं झालं की कुणाच्या तरी पोटात दुखतं, यातलं काहीच शरीराचं नाही तरी विसर्ग नाही. कारण ही रूपं मराठीने आपल्या 'दुख'पासून घडवलीत. दुःखी, दुःखद, दुःखित, दुःखदायक ही संस्कृत घडणीची, तिथे विसर्ग हवाच. म्हणून माणूस 'दुःखी' पण त्याची 'पोटदुखी'.

आता त्याच्याही मागे जायचं तर सुख म्हणजे सु+ख आणि दुःख म्हणजे दुः+ख अशी फोड करतात. 'ख' म्हणजे पोकळी, भोक (आकाश या अर्थाचा खग, खगोलमधला ख तोच). इथे ते चाकाचं आस बसायचं भोक धरतात, भोक नीट तर रथ सुरळीत चालतो, नाहीतर धक्के खात. ऋग्वेदात 'सुख' हे रथाचं विशेषण म्हणून येतं, त्यामुळे ही फोड मला पटते. काही अभ्यासक दुःख हा 'दुःस्थ'पासून आला असंही मानतात.

आणि 'दुखणं' नुसती क्रिया नाही हं, आजार या अर्थाचं नामही आहे, त्यावरून दुखणाईत. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात ते हेच दुखणं.