सॉर्टेक्समध्ये तांदूळ निवडतात, तशा पेशी निवडता येतात का?

प्रश्न : आमची राईस मिल आहे, तिथे सॉर्टेक्स मशीन आहे, कॅमेऱ्याला काळा दाणा दिसला की हवेचा झोत मारून तो बाहेर फेकतं. माझा भाचा पुण्यात बायोटेकला आहे, तो म्हणतो मामा, रक्तातल्या पेशींसाठी पण अगदी अस्संच मशीन निघालंय आणि त्यात एआय आहे. पोरगा खरं बोलतोय की फेकतोय? आणि खरं असेल तर कॅन्सर वगैरे पकडायला आमच्याकडच्या लॅबमध्ये कधी येणार? – एक वाचक, तुमसर

उत्तर : भाचा फेकत नाहीये. उलट मिल चालवत असल्यामुळे तुम्हाला हे इतरांपेक्षा लवकर कळेल, तत्त्व जवळपास तेच, फक्त इथला दाणा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा आणि जिवंत, आणि बाहेर काढल्यावरही तो जिवंतच राहायला हवा.

तसं पेशी निवडायचं मशीन जुनं आहे. 1965 मध्ये अमेरिकेत लॉस अलामोसला मॅक फुलवायलर यांनी पेशी असलेल्या थेंबांना विजेचा चार्ज देऊन ते वेगळे करून दाखवले, पुढे स्टॅनफर्डच्या लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या टीमने त्यात चमकणारे डाय (पेशीला लावायचे रंग) आणि लेझर आणले, आणि आज लॅबवाले ज्याला फॅक्स म्हणतात (कागदवालं नव्हे) ते तयार झालं. हे सेकंदाला हजारो पेशी निवडतं, पण बिचाऱ्याला चित्र दिसत नाही, म्हणजे पेशी किती चमकली ते कळतं, कुठे चमकली ते कळत नाही. चार-पाच प्लेटलेट्स चिकटून झालेली गुठळी आणि एकच जरा मोठी पेशी, दोघांचा सिग्नल सारखा आला की संपलं.

इथे कॅमेरा आला. 2018 मध्ये टोकियो विद्यापीठाच्या केइसुके गोदा यांच्या टीमने वाहत्या पेशीचा फोटो काढून, न्यूरल नेटवर्कला (उदाहरणं दाखवून शिकवलेल्या एआयला) दाखवून, लगेच निवड करणारं मशीन जाहीर केलं, आणि प्लेटलेट्सच्या गुठळ्याच त्यांनी त्यावर वेगळ्या करून दाखवल्या. मला यात फोटोपेक्षा भारी वाटतं ते टायमिंग. पेशी काही थांबत नाही, ती पुढे वाहतच असते, तेवढ्यात फोटो, हिशोब आणि निर्णय सगळं 32 मिलिसेकंदात उरकायचं आणि पेशी फाट्यावर पोचली की बरोब्बर त्याच क्षणी तिला बाजूला ढकलायचं, जरा उशीर झाला की शेजारची निष्पाप पेशी बाहेर. म्हणून वेग सुरुवातीला सेकंदाला 100 पेशींच्या आसपासच होता, 2020 मध्ये तो 2000 वर नेला. त्याच 2018 मध्ये जपानमध्येच दुसऱ्या एका टीमने, सादाओ ओता वगैरेंनी, फोटो बनवायचाच नाही असं ठरवलं, पेशीवर ठिपक्याठिपक्यांचा प्रकाश टाकून जो सिग्नल मिळतो तो थेट मशीन लर्निंगला दिला, त्याला घोस्ट सायटोमेट्री म्हणतात. आणि 2022 मध्ये जर्मनीतल्या ईएमबीएल या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने आणि लॅबची यंत्रं बनवणाऱ्या बीडी कंपनीने सेकंदाला 15,000 पेशींपर्यंत मजल मारली, पण त्यात डीप लर्निंग (म्हणजे न्यूरल नेटवर्कवालं एआय) नव्हतं, फोटोतून आकार, चमक कुठे आहे अशा ठरावीक गोष्टी मोजून निर्णय. तेव्हा प्रत्येक कॅमेरेवाल्या मशीनला एआय म्हणू नका, भाच्यालाही सांगा.

आता कॅन्सरचं. 1 मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी साधारण 500 कोटी, आणि ट्यूमरमधून सुटून रक्तात आलेल्या पेशी कित्येकदा कित्येक मिलिलिटरमध्ये मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. सेकंदाला 2000 च्या वेगाने 500 कोटी बघायला बसलात तर महिनाभर मशीन चालू राहील! म्हणून आधी तांबड्या पेशी फोडून टाकतात, मग पांढऱ्या पेशी उरतात मिलिलिटरला 70 लाखांच्या घरात, त्या तासाभरात होतात. पण एका मिलिलिटरने भागत नाही ना, म्हणून हे सध्या रिसर्च लॅबचं काम आहे.

तुमच्याकडच्या लॅबमध्ये मला तरी हे एवढ्यात येताना दिसत नाही, आणि तिथे त्याची गरजही नाही. सीबीसीला (रक्ताच्या नेहमीच्या तपासणीला) पेशी फक्त मोजायच्या असतात, निवडून बाहेर काढायच्या नसतात, आणि मोजायचं तंत्र वॉलेस कूल्टर यांनी 1953 मध्येच पेटंट केलंय. काचेच्या स्लाइडवरच्या रक्ताचे फोटो एआयने वाचायचं काम मात्र आपल्याकडे होतंय, बंगळुरूची सिगटपल कंपनी तेच करते. पेशी सॉर्ट करायच्या कधी, तर ती जिवंत हातात हवी असेल, वाढवायला किंवा तिचे जीन्स वाचायला.

आणि एक, एआयला कुठली पेशी कसली ते आधी माणसानेच हजारो फोटोंवर लिहून दिलेलं असतं, डाय बदलला किंवा फोकस जरा सरकला की ते गोंधळू शकतं, तुमचं सॉर्टेक्स पण धानाची जात बदलली की परत सेट करावं लागतं ना, तस्संच. भाच्याला यात करिअर करायचं असेल तर कोडिंगच्या आधी साध्या फॅक्सवर हात बसवू दे, पुण्यात एनसीसीएस या पेशींवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत ती सोय आहे, तिथे प्रोजेक्ट किंवा ट्रेनिंग मिळतंय का ते त्याने विचारून बघावं.