साताऱ्याची पेठ की पुण्याचे उपनगर?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो असून पत्नीसह साताऱ्यात शनिवार पेठेत राहतो. घर जुने, दुमजली आणि तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींना टेकलेले आहे. मुलाने कोथरूडला सदनिका घेतली आहे. तो हिंजवडीला नोकरीला जातो आणि सूनबाईही नोकरी करतात. "तिथेही गर्दीतच राहता आणि इथेही गर्दीच आहे, मग निदान आमच्याजवळ तरी राहा," असे मुलाचे म्हणणे आहे. दोन्ही ठिकाणच्या नागरी जीवनात खरोखर काही फरक पडतो का? पडत असल्यास आमच्या वयाच्या माणसांनी कशाकडे पाहून ठरवावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. दाटी दोन्हीकडे आहे, परंतु त्या दाटीच्या बदल्यात रहिवाशाच्या पदरात जे पडते ते दोन्हीकडे सारखे नाही. कोथरूड हा एका मोठ्या शहराचा भाग आहे. 2011 च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांहून अधिक होती आणि सातारा नगरपालिकेची सुमारे 1 लाख 20 हजार. मोठ्या शहरातील एखाद्या भागाला सर्व गोष्टी स्वतःपाशी ठेवाव्या लागत नाहीत. जे त्याच्याकडे नाही ते उरलेले शहर पुरवते. त्यामुळे कोथरूडमध्ये दवाखाने, औषधांची दुकाने, उपाहारगृहे आणि शिकवण्या यांना तोटा नाही, परंतु जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा न्यायालय, घाऊक बाजार किंवा रेल्वे स्थानक गाठायचे म्हटले की अर्धे पुणे ओलांडावे लागते. साताऱ्याला अशी उसनवारी करण्याची सोयच नव्हती. जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे कचेऱ्या, न्यायालय, जिल्हा रुग्णालय, मंडई, नाट्यगृह, वाचनालय, शाळा आणि एस.टी. स्थानक हे सारे या लहानशा गावाला आपल्याच पोटात घ्यावे लागले, आणि दक्षिणेला अजिंक्यतारा व पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर असल्यामुळे ते पसरण्याऐवजी एकमेकांना खेटून बसले. (रेल्वे स्थानक तेवढे माहुलीला, शहराबाहेर आहे, त्याची कसर एस.टी. भरून काढते.)

याचा रोजच्या जगण्यावर कसा परिणाम होतो, ते आपल्याला सांगण्याची गरज नाही, तरी मांडून पाहू. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतचा राजपथ सुमारे दोन किलोमीटरचा आहे. आपण सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडता, बँकेत पासबुक भरून घेता, मोती चौकात औषधे घेता, मंडईत भाजीवालीशी दोन रुपयांवरून हुज्जत घालता आणि येताना वाचनालयात वर्तमानपत्रे चाळून जेवणाच्या वेळेला घरी परतता. एवढ्या फेरीत चार ओळखीची माणसे भेटतात आणि आपण दोन दिवस दिसला नाहीत तर त्यांतला एखादा चौकशीला दारात येतो. कोथरूडमध्येही ही सगळी कामे होतात आणि काही बाबतींत अधिक चांगली होतात, कारण दुकान आवडले नाही तर शेजारी दुसरे असते. मात्र तिथे दोन कामांच्या मध्ये कर्वे रस्ता किंवा पौड रस्ता येतो. मेट्रोच्या खांबांच्या कडेने वाहने वळत असताना सिग्नलचे सेकंद मोजत रस्ता ओलांडणे ज्यांना जमते त्यांच्यासाठी कोथरूड सोयीचे आहे. ज्यांना जमत नाही त्यांचे जग इमारतीच्या फाटकापाशी संपते आणि उरलेले सामान फोनवरून मागवले जाते.

पेठेचे गुणगान करताना तिचा चढ मात्र विसरून चालणार नाही. राजपथावरून किल्ल्याच्या बाजूला वळणारी प्रत्येक बोळ चढाची आहे, पावसाळ्यात तिथे शेवाळ धरते, आणि साताऱ्यात पाऊस पुण्यापेक्षा जास्त पडतो. त्यात आपले घर दुमजली. जुन्या घरांचे लाकडी जिने अरुंद आणि उभे असतात. गुडघे दुखू लागल्यावर असा जिना दिवसातून किती वेळा चढावा लागतो, हाच प्रश्न मोठा होतो. कोथरूडच्या इमारतीत उद्वाहक आहे आणि मेट्रोच्या स्थानकांवरही तो आहे. वनाझपासून निघणारी मार्गिका 2022 मध्ये प्रथम गरवारे महाविद्यालयापर्यंत सुरू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने रामवाडीपर्यंत गेली. त्यामुळे डेक्कन, शिवाजीनगर या बाजूंना जाणे ज्येष्ठांसाठी पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाले आहे. साताऱ्यात पायी जाणे जमेनासे झाले की रिक्षा आणि वडाप (माणसे भरून चालणाऱ्या खाजगी गाड्या) यांशिवाय फारसे काही हाती उरत नाही. म्हणजे पाय धड आहेत तोवर सातारा सरस आणि पाय थकल्यावर कोथरूड सरस, असे काहीसे उलटेसुलटे गणित आहे.

पाण्याच्या बाबतीत फार खोलात जाण्याचे कारण नाही. साताऱ्याला एकीकडे उरमोडीवरील शहापूर योजनेतून पाणी उपसून मिळते आणि दुसरीकडे कासच्या तलावातून ते केवळ उताराने वाहत येते. वीज गेली म्हणून थांबत नाही अशी ही व्यवस्था आपल्या शहराचा खरा ठेवा आहे. कोथरूडला खडकवासल्याचे पाणी मिळते आणि दुरुस्तीसाठी गुरुवारी ते बंद राहण्याचे प्रसंग येतात, परंतु इमारतीच्या टाक्यांमुळे रहिवाशांना त्याची झळ लगेच लागत नाही. पेठेत पाणी येण्याची वेळ आपल्यालाच सांभाळावी लागते.

खरा पेच आजारपणाचा आहे. साताऱ्यात एक गोष्ट जवळ असते, पण बहुधा एकच असते. तज्ज्ञ डॉक्टर येथेही आहेत, जिल्हा रुग्णालय आहे आणि अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. तरीही गुंतागुंतीची शस्त्रक्रिया निघाली की पुण्याचा रस्ता धरावा लागतो, आणि त्या सुमारे 110 किलोमीटरमध्ये खंबाटकीचा घाट आहे. आपल्यापैकी कोणाला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, तर मी अन्य सर्व मुद्दे बाजूला ठेवून पुण्याच्या बाजूने कौल देईन.

तसे नसेल, तर मुलाला एक प्रश्न मोकळेपणाने विचारावा : सकाळी आठ ते रात्री आठ या वेळात घरी कोण असेल? हिंजवडीची ये-जा करणारा मुलगा जवळ असतो तो रात्रीच्या जेवणापुरता. दिवसभराची सोबत शेजाऱ्यांनी करायची असते, आणि ती आपल्याला पेठेत आयती मिळालेली आहे. नव्या इमारतीत ती नव्याने जोडावी लागेल. काहींना ते जमते. कोथरूडमध्ये साताऱ्याकडची माणसे कमी नाहीत आणि ज्येष्ठ नागरिकांचे कट्टेही भरतात, परंतु ओळख वाढवण्याचा स्वभाव असावा लागतो. आपल्या दोघांपैकी तो कोणाचा आहे, हे आपणच जाणता.

माझे मत असे, की आपण साताऱ्याचे घर विकू नये आणि एवढ्यात कायमचे स्थलांतरही करू नये. पावसाळ्याचे महिने कोथरूडला आणि उरलेले वर्ष साताऱ्याला, असे करून पाहावे. स्वारगेटसाठी विनाथांबा गाड्या आहेत. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास 2022 पासून मोफत आहे, 65 ते 75 या वयोगटाला अर्धे तिकीट पडते आणि 2023 पासून महिलांनाही निम्मी सवलत आहे. पत्नीचे वय काहीही असले तरी येण्याजाण्याचा खर्च हे घरी बसण्याचे कारण उरत नाही. जिन्याला मजबूत कठडा आणि तळमजल्यावर शौचालय एवढे काम मात्र यंदाच करून घ्यावे.

प्रश्न : वरील प्रश्नाच्या नेमका उलटा माझा प्रश्न आहे. मी मूळची कराडची, सध्या कोथरूडला राहते आणि घरूनच काम करते. भाडे आणि वाहतूक यांना कंटाळून आम्ही साताऱ्यात घर घेण्याचा विचार करत आहोत. पुण्यासारखी सोय तिथे मिळेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घर साताऱ्यात कुठे घेता यावर ते अवलंबून आहे. वर ज्या पायी फिरण्याजोग्या शहराचे वर्णन केले, ते जुन्या पेठा, पोवई नाका आणि सदर बाजार यांच्या टापूत आहे. 2020 च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर यांसारखे भाग नगरपालिकेत आले. तिथे हवा मोकळी आहे आणि वाहन लावायला जागाही आहे, परंतु दुधाच्या पिशवीपलीकडे काही आणायचे तर दुचाकी काढावी लागते. पुण्याचे उपनगर सोडून मेट्रो नसलेल्या उपनगरात जाण्यात फारसा अर्थ नाही, असे मला स्पष्टपणे वाटते. यजमानांची नोकरीही घरूनच होणारी आहे का, हेही पाहा. लहान शहरात एक नोकरी सुटली तर तशीच दुसरी शेजारच्या इमारतीत मिळत नाही. शिवाय पेठेत आपण केव्हा बाहेर पडता आणि केव्हा परतता याची नोंद समोरच्या ओट्यावर होतच असते. कोथरूडच्या अनोळखीपणाची सवय झालेल्या माणसाला पहिले वर्ष ते जड जाते, हे गृहीत धरावे.

पेठेतील जुने घर पसंत पडलेच, तर किमतीची बोलणी करण्याआधी नगर भूमापन कार्यालयातून त्याची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. अशा घरांवर अनेकदा तीन पिढ्यांच्या वारसांची नावे असतात आणि तळमजल्यावर जुना भाडेकरू असतो. सर्व वारसांची संमती लेखी हाती येईपर्यंत विसाराची रक्कम देऊ नये.